मोदक अमेरिकेला पाठवायचेत: ड्राय आइस की रीफर?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या चार वर्षांपासून आधी घरातून आणि आता मकरपुऱ्यातल्या एका गाळ्यातून गोठवलेले उकडीचे मोदक, पुरणपोळ्या आणि लीलव्याच्या (तुरीच्या हिरव्या दाण्यांच्या) कचोऱ्या विकतात. न्यू जर्सीतल्या एका दुकानदाराने गणपतीसाठी 200 किलो माल मागितलाय. थर्माकोलच्या डब्यात ड्राय आइस घालून विमानाने पाठवावा की जहाजावरच्या रीफर कंटेनरने (ज्याला स्वतःचं शीतयंत्र असतं), आणि त्यातच श्रीखंड गेलं तर चालेल का, असं त्या विचारतात.

ताई, वीस वर्षांहून जास्त काळ मी बडोद्यातून गोठवलेला माल बाहेर पाठवायच्या धंद्यात आहे. आधी कोल्ड स्टोरेजमध्ये होतो, नंतर फॉरवर्डिंगमध्ये, म्हणजे दुसऱ्यांचा माल परदेशी पाठवून द्यायच्या कामात आलो. तुमच्यासारखे फोन दर वर्षी आषाढ संपता संपता येतात. तोवर उशीर झालेला असतो. तुम्ही एप्रिलमध्येच विचारलंत हे बरं केलंत.

तुमचा प्रश्न वाहनाचा वाटतो, पण खरी अडचण आकड्याची आहे. 200 किलो हे फार गैरसोयीचं वजन आहे. विमानाला ते महाग पडतं आणि कंटेनरला ते पुरत नाही. चाळीस फुटी हाय-क्यूब, म्हणजे जास्त उंचीच्या रीफरमध्ये पंचवीस टनांच्या आसपास माल बसू शकतो. मोदकांसारखा पोकळ, हलका माल असेल तर कमी, पण तरीही कित्येक टन. तुमचे 200 किलो म्हणजे त्यातला एक कोपरा.

आधी विमानाचा हिशेब करू, कारण ड्राय आइसबद्दल लोकांचे फार गैरसमज आहेत.

ड्राय आइस म्हणजे घन कार्बन डायऑक्साइड. तो उणे 78.5 अंशांवर थेट वायू होतो, पाणी होत नाही. एक किलो ड्राय आइस उडून जाताना साधारण 570 किलोज्यूल उष्णता खातो. साधा बर्फ वितळताना 334 खातो. म्हणून ड्राय आइस जोरदार आहे, पण तो डब्याच्या आत फार थंड असल्यामुळे बाहेरची उष्णताही तितक्याच जोराने आत ओढतो. बाहेरून 50 बाय 40 बाय 40 सेंटिमीटरचा, पाच सेंटिमीटर जाड भिंतीचा थर्माकोलचा डबा घ्या. आपल्या हवेत त्यातून दिवसाला सहा-सात किलो ड्राय आइस उडून जातो. डब्याची आतली जागा 36 लिटर. त्यात 10 किलो मोदक आणि जेमतेम 15 किलो ड्राय आइस बसतो. म्हणजे दोन दिवस, फार तर सव्वादोन.

आता वेळ मोजा. बडोद्याहून अहमदाबाद किंवा मुंबई, तिथे कार्गो टर्मिनलवर सुरक्षा तपासणी, मग आखाती देशात विमान बदलणं, मग तिकडे कस्टम्स आणि अन्न प्रशासनाची मंजुरी. एजंट दोन दिवस सांगतो. मी चार धरतो, आणि मध्ये शनिवार-रविवार आला तर पाच. म्हणजे वाटेत कुणीतरी डबे उघडून पुन्हा ड्राय आइस भरायला हवा. ती सोय काही विमान कंपन्या देतात, पण आधी ठरवून आणि पैसे मोजून. वजनही बघा. 200 किलोचे 20 डबे, प्रत्येकाचं वजन डब्यासकट 26 किलोच्या आसपास. भाडं तुम्ही 520 किलोचं देणार. त्यातले 300 किलो वाटेत हवेत विरणार.

ड्राय आइस हा विमान वाहतुकीत धोकादायक मालात मोडतो, यूएन क्रमांक 1845, वर्ग 9. डब्यावर तसं लेबल आणि आतल्या ड्राय आइसचं निव्वळ वजन लिहावं लागतं. डबा हवाबंद कधीच करू नका, नाहीतर फुगून फुटेल. एका विमानात एकूण किती ड्राय आइस चालेल याची मर्यादा असते, कारण तो वायू होल्डमधल्या, म्हणजे विमानाच्या पोटातल्या सामानाच्या जागेतल्या हवेत मिसळतो. खाली कुणाचा कुत्रा प्रवास करत असेल तर तुमचे डबे धक्क्यावरच राहतील. आणि बडोद्यातून ड्राय आइस आणायचा तर गाडीच्या काचा उघड्या ठेवा. आमचा एक ड्रायव्हर बंद व्हॅनमध्ये 60 किलो घेऊन निघाला होता. करजणपर्यंत त्याचं डोकं असं ठणकायला लागलं की गाडी बाजूला घेऊन तो बाहेर बसला. सुदैवाने त्याला वेळेत सुचलं.

जेल पॅकचा विचार करत असाल तर सोडा. साधा जेल पॅक शून्य अंशाला वितळतो. तो ताज्या मालाला ठीक आहे. गोठवलेला माल त्याच्या सोबतीने उणे 18 वर राहूच शकत नाही.

मग विमान कधी? दुकानदाराला आधी चव बघायची असेल, तुम्ही 20-30 किलो नमुना पाठवणार असाल आणि ते पैसे जाहिरातीवर गेले असं समजायची तयारी असेल, तर जरूर पाठवा. गणपतीच्या मालाला मी विमान सुचवणार नाही.

आता रीफर. ज्या एका गोष्टीमुळे मी जास्तीत जास्त माल खराब होताना पाहिलाय, ती इथे आहे. रीफर कंटेनर माल गोठवत नाही. तो फक्त आतली थंडी टिकवतो. त्याचं यंत्र भिंतीतून येणारी उष्णता बाहेर फेकण्यापुरतं असतं. तुम्ही उणे 8 वर मोदक भरलेत तर कडेचे बॉक्स थोडे खाली येतील आणि मधले आठवडाभर तसेच राहतील. म्हणजे मालाचं खरं नशीब मकरपुऱ्यात तुमच्या गाळ्यात ठरतं, बंदरावर किंवा समुद्रात नाही.

म्हणून विचारतो, तुम्ही मोदक कशात गोठवता? चेस्ट डीप फ्रीझरमध्ये थर लावून ठेवत असाल तर ते रात्रभर सावकाश गोठतात. सावकाश गोठण्यात दोन तोटे आहेत. पाण्याचे मोठे स्फटिक होतात आणि ते पारी फाडतात. दुसरा तोटा तांदळाच्या पिठीचा. शिजलेला स्टार्च शून्य ते पाच अंशांच्या पट्ट्यात सगळ्यात लवकर घट्ट होतो. फ्रिजमध्ये ठेवलेला मोदक दुसऱ्या दिवशी दगडासारखा लागतो तो यामुळेच. त्या पट्ट्यात मोदक जितका कमी वेळ राहील, तितका तो पुन्हा वाफवल्यावर मऊ होतो. ब्लास्ट फ्रीझरमध्ये उणे 35 ची हवा जोरात फिरते आणि मोदक तास-दीड तासात आतपर्यंत गोठतो. म्हणून ब्लास्ट फ्रीझर परवडत नसेल तर भाड्याने घ्या, पण चेस्ट फ्रीझरवर निर्यात करू नका. वाफवलेले मोदक पूर्ण निवल्यावरच ट्रेमध्ये सुटे ठेवून गोठवा, पॅक नंतर करा. गरम पॅक केलेत की आतली वाफ पिशवीत बर्फ होऊन बसते, आणि ग्राहकाला वाटतं माल एकदा वितळून पुन्हा गोठलाय. पुरणपोळीत त्रास कमी. दर दोन पोळ्यांच्या मध्ये बटर पेपर घाला आणि पुरण नेहमीपेक्षा कोरडं ठेवा, बस्स. कचोरीचं म्हणाल तर सारणातलं पाणी गाळून घ्या, बाकी ती गोठवायला बनल्यासारखीच असते.

भरताना सुईचा थर्मामीटर दोन पाकिटांच्या मध्ये खोचून आकडा घ्या. उणे 18 किंवा त्याहून खाली असेल तरच बॉक्स दाराबाहेर जाऊ द्या. बॉक्सच्या बाहेरच्या पुठ्ठ्याला इन्फ्रारेड बंदूक लावून घेतलेला आकडा काही सांगत नाही, ती पुठ्ठ्याचं तापमान दाखवते.

रीफरमध्ये हवा समोरच्या यंत्राकडून खालच्या टी आकाराच्या पट्ट्यांमधून दाराकडे जाते, तिथून वर येऊन छताखालून परत येते. म्हणून आतल्या भिंतीवरच्या लाल रेषेच्या वर बॉक्स रचायचे नाहीत आणि दाराशी पट्ट्या संपतात त्याच्या पुढे माल न्यायचा नाही. गोठवलेला माल एकमेकांना चिकटून रचायचा असतो, हवा त्याच्या भोवतीने फिरते. भाजी-फळांचं उलटं असतं, ती श्वास घेतात म्हणून हवा मधून जायला हवी. गोठवलेल्या मालासाठी ताज्या हवेची झडप बंद ठेवायची. भरताना यंत्र बंद करायचं, नाहीतर दार उघडं असताना ते आपली दमट हवा ओढून कॉइलवर बर्फ चढवतं. कंटेनर आधी गार करून मागवू नका. तुमच्या गाळ्याला थंड डॉक, म्हणजे माल चढवायची थंड ठेवलेली जागा नाही. गार कंटेनरचं दार मे महिन्यात उघडलं की आत घाम फुटतो. बडोद्यात मी नेहमी रात्री दोननंतर भरायला सांगतो. मजूर कुरकुरतात, चहा पाजा.

तापमानाच्या आकड्याबद्दल एक आठवण. बरीच वर्षं झाली, गोठवलेल्या लीलव्याचा एक कंटेनर होता. एजंटच्या बुकिंगमध्ये उणे चिन्ह राहून गेलं. यंत्रावर 18 अंश लागलं. वासदच्या टोलनाक्याजवळून ड्रायव्हरचा फोन आला, "साहेब, डिस्प्लेवर अठरा दिसतंय, ते बरोबर आहे ना?" त्या माणसाने विचारलं म्हणून माल वाचला. तेव्हापासून मी प्रत्येक कागदावर "उणे अठरा अंश सेल्सियस" असं अक्षरांत लिहून घेतो. अमेरिकेच्या बाबतीत अजून एक खोडी आहे. तिकडचा दुकानदार "झिरोला ठेवा" म्हणतो तेव्हा त्याच्या मनात फॅरनहाइटचा शून्य असतो, म्हणजे आपला जवळपास उणे 18. इकडचा माणूस सेल्सियसचा शून्य लावतो आणि मोदकांचा लगदा होतो.

यंत्र बंद पडण्यापेक्षा मला रस्त्याची भीती जास्त. बडोद्याहून मुंद्रा किंवा न्हावा शेवा, दोन्हीकडे चारशे किलोमीटरच्या वर अंतर आहे. त्या प्रवासात रीफरला वीज ट्रेलरवरच्या जनरेटरकडून मिळते. डिझेल वाचवायला काही ड्रायव्हर ढाब्यावर तो बंद करतात. कंटेनर भरलेला असेल आणि दार बंद असेल तर दोन तासांत मधला माल हलत नाही, पण कडेच्या बॉक्सचं तापमान वर-खाली होतं. तक्रार नेमकी त्यांचीच येते, कारण दार उघडल्यावर तेच आधी दिसतात. म्हणून मी प्रत्येक लोडमध्ये दोन डेटा लॉगर (तापमान नोंदवत राहणारी छोटी यंत्रं) टाकतो, एक मध्यभागी आणि एक दारापाशीच्या शेवटच्या रांगेत. कंटेनरच्या यंत्राचा स्वतःचाही लॉग असतो. त्यात वीज नव्हती ते तास रिकामे दिसतात. भांडण झालं तर ते मागून घ्या. लॉगर परवडत नसेल तर साधी युक्ती आहे. छोट्या प्लास्टिकच्या बाटलीत अर्धं पाणी उभं गोठवा, मग बाटली उलटी करून बॉक्समध्ये ठेवा. पोचल्यावर बर्फ झाकणाकडे असेल तर माल वाटेत वितळला होता.

विमा काढताना एक वाक्य नक्की वाचा. गोठवलेल्या अन्नाच्या नेहमीच्या विमा अटींत यंत्र बिघडून तापमान बदलल्याने झालेलं नुकसान तेव्हाच मिळतं, जेव्हा शीतयंत्र सलग 24 तास किंवा जास्त बंद पडलेलं असतं. ढाब्यावरचे दोन तास त्यात बसत नाहीत. अर्ध्या व्यापाऱ्यांना हे दावा फेटाळला गेल्यावर कळतं.

आता 200 किलोंचं काय करायचं? माझा सल्ला असा. दुकानदाराला पहिला प्रश्न विचारा: गुजरातमधून तो आधी कुणाकडून गोठवलेला माल मागवतो? न्यू जर्सीतला भारतीय किराणावाला गोठवलेले पराठे, लीलवा, भेंडी, शेवग्याच्या शेंगा मागवतच असतो. त्या निर्यातदाराच्या कंटेनरात तुमचे एक-दोन पॅलेट बसवता येतात. यासाठी निर्यातदार सहसा नाखूष असतो आणि त्याची भीती खरी आहे. अमेरिकेच्या अन्न प्रशासनाला माल पोचण्याआधी पूर्वसूचना द्यावी लागते, ती प्रत्येक पदार्थाची आणि प्रत्येक उत्पादकाची वेगळी असते. तुमच्या मोदकांच्या कागदात चूक निघाली तर त्याचे वीस टन पराठे तुमच्यासोबत अडकतात. म्हणून त्याच्याकडे जाताना कागद पूर्ण करून जा.

कागद म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. निर्यातीसाठी आयात-निर्यात कोड आणि एफएसएसएआयचा (भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) केंद्रीय परवाना लागतो, घरगुती नोंदणीवर भागत नाही. अपेडाची, म्हणजे कृषी आणि प्रक्रिया केलेल्या अन्नाच्या निर्यातीचं सरकारी प्राधिकरण, त्याची नोंदणीही करून घ्या. तिकडे तुमच्या गाळ्याची अमेरिकन अन्न प्रशासनाकडे नोंदणी हवी आणि तिथला एक एजंट नेमावा लागतो. ही नोंदणी दर सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये नव्याने करावी लागते, ते विसरलात तर पुढचा माल बंदरात थांबतो. पुरवठादाराची पडताळणी ही आयातदाराची जबाबदारी असते, तो तुमच्याकडून स्वच्छतेच्या आणि धोक्यांच्या नोंदी मागेल. त्या आत्तापासून लिहायला लागा, नंतर मागच्या तारखा टाकून लिहिलेल्या वह्या लगेच ओळखू येतात. लेबलवर ॲलर्जीचे घटक स्पष्ट हवेत. मोदकात तूप आणि काजू, पोळी-कचोरीत गहू. आणि कचोरीत तीळ घालत असाल तर तो विसरू नका, 1 जानेवारी 2023 पासून तिळाचाही त्या यादीत समावेश झालाय.

हे सगळं यंदा जमणार नसेल तर दुसरा मार्ग जॉब वर्कचा. ज्या कारखान्याची नोंदणी, ब्लास्ट फ्रीझर आणि कंटेनर हे सगळं आधीच आहे, त्याच्याकडे तुमची पाककृती आणि तुमच्याकडे काम करणाऱ्या बायका घेऊन चार दिवस मोदक करून घ्या. नफा कमी मिळेल आणि पाककृती बाहेर जाईल ही भीती राहील. पाककृतीबद्दल मी तरी फार काळजी करणार नाही, कळ्या पाडायचं काम कागदावरून चोरता येत नाही.

एकत्र माल पाठवताना एवढंच बघा की कंटेनरात आणखी काय आहे. किनाऱ्यावरच्या एका निर्यातदाराने एकदा माझ्या एका ग्राहकाला झिंग्यांच्या कंटेनरात स्वस्तात जागा देऊ केली होती. तांत्रिकदृष्ट्या तापमान तेच, उणे 18. पण गणपतीचे मोदक कोळंबीशेजारून गेले हे दुकानात कुणाला कळलं असतं तर? शिवाय कवचधारी जलचर हेही ॲलर्जीच्या यादीत आहेत. आम्ही नाही म्हटलं.

श्रीखंडाचं उत्तर छोटं आहे: यंदा नको. एका कंटेनरला एकच तापमान असतं. ताजं श्रीखंड चार अंशांचं, मोदक उणे अठराचे. श्रीखंड गोठवूनही विकतात, पण लाळ्या-खुरकूत रोग असलेल्या देशांतून येणाऱ्या दुधाच्या पदार्थांवर अमेरिकेच्या कृषी खात्याची वेगळी बंधनं आहेत आणि भारत त्यात येतो. ती परवानगी आयातदाराने काढायची असते. त्याने ती लेखी दाखवली तर पुढच्या वर्षी बोलू. मोदकात खवा घालत असाल तर हाच प्रश्न तिथेही येतो, म्हणून निर्यातीच्या मालात सारण बिनखव्याचं, खोबरं-गुळाचं ठेवा.

तारखांचं गणित उलटं मांडा. गणपती सप्टेंबरच्या मध्यात. दुकानात माल निदान दोन आठवडे आधी हवा, म्हणजे ऑगस्ट संपायच्या आत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत जहाजाला महिना ते दीड महिना लागतो. 2023 च्या शेवटी तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यापासून बरीच जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागली. त्या वाटेने दहा-पंधरा दिवस वाढतात, तेव्हा बुकिंग करताना जहाज कुठून जाणार हे विचारा. तिकडच्या मंजुरीला एक आठवडा धरा. म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्यात कंटेनर बंदरावर हवा आणि मोदक जूनमध्ये गोठलेले हवेत. कंटेनर कारखान्यातच भरून इ-सील (इलेक्ट्रॉनिक सील) लावता येत असेल तर तसंच करा, बंदरावर तपासणीसाठी दार उघडायची शक्यता कमी होते.

आणि ताई, मे महिन्यात एक प्रयोग करा. एक बॉक्स ब्लास्ट फ्रीझ करून, आत उलटी बाटली ठेवून ग्वाल्हेरला किंवा नागपूरला कुणा नातेवाइकांकडे पाठवा. त्यांना सांगा, बॉक्स उघडताना फोटो काढा, चार मोदक लगेच वाफवून खा आणि चार महिनाभर फ्रीझरमध्ये ठेवून मग खा. पारीला तडे गेले का आणि बर्फ बाटलीत कुठे आहे, हे मला कळवा. त्यावरून पिठीत पाण्याचं प्रमाण बदलायचं की पॅकिंग, ते सांगता येईल.